घड्याळ कंपनीचे, मीटर घरमालकाचे

वीजमीटरावरून आपल्या वस्त्यांत सध्या जे भांडण चालू आहे, त्यात दोन्ही बाजूंचे लोक चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत असे माझे स्पष्ट मत आहे. एका बाजूला जाहिरात आहे: नवे टीओडी मीटर बसवा आणि सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत वापरलेल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे सवलत मिळवा. दुसऱ्या बाजूला आपले गल्लीतले नेते आणि त्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत: हे मीटर पळते, हे मीटर मुद्दाम आपल्याच मोहल्ल्यांत आधी लावतात, माणूस आला तर जिन्यातच अडवा.

जाहिरात खोटे बोलत नाही, पण सवलत कोणाच्या खिशात जाणार हे सांगत नाही. गल्लीतले नेते तर बिल उलटून पाहायचेही कष्ट घेत नाहीत. या दोघांच्या मधोमध जो माणूस उभा आहे, म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत भाड्याने राहणारा, ज्याच्या नावावर मीटरच नाही, त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, गोवंडी, कोंढवा, सगळीकडे हा माणूस सापडतो. हा लेख त्याच्या बाजूने आहे.

आधी हे घड्याळ काय आहे ते समजून घेऊ, कारण ते न समजता केलेला विरोध म्हणजे नुसता आवाज.

कांदा चाळीत साठवता येतो, वीज येत नाही. ती ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी कोणीतरी वापरावी लागते. बॅटऱ्या आल्या आहेत, पण एवढ्या मोठ्या राज्याची संध्याकाळ त्यांच्यावर काढणे अजून महाग आहे. आपल्याकडचा जुना उपाय कोयना. पाणी अडवून ठेवायचे आणि मागणी चढली की सोडायचे. पण ते पाणीही मोजकेच. वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे किती वळवायचे यावर कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. बाकी भार कोळशावर.

आता यात सौर वीज आली. शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी राज्यभर सौर प्रकल्प उभे राहत आहेत, राजस्थान-गुजरातचे मोठे प्रकल्प आहेतच. दुपारी १२ ला वीज मुबलक असते. संध्याकाळी सूर्य मावळतो, सौर वीज शून्यावर येते, आणि नेमक्या त्याच वेळी लोक घरी येऊन दिवे, पंखे, टीव्ही, पाण्याची मोटार लावतात. देशाच्या वीज बाजारात दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याचा भाव वेगळा. दुपारी तो अनेकदा युनिटला दोन-तीन रुपयांपर्यंत उतरतो, तर संध्याकाळी कित्येकदा १० रुपयांच्या सरकारी कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. कंपन्या आपली बरीचशी वीज लांब मुदतीच्या करारांनी घेतात हे खरे, पण जी कमी पडते ती याच बाजारातून येते.

आपल्या घरच्या बिलावर मात्र दुपारी दोनचे युनिट आणि रात्री आठचे युनिट आजवर एकाच भावाने लागत आले. जुन्या मीटराला वेळ कळत नव्हती. ते महिन्याच्या शेवटी एक आकडा दाखवायचे. नवे मीटर ठरावीक मिनिटांनी नोंद करते आणि प्रत्येक नोंद त्या त्या वेळेच्या खणात टाकते. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, माझ्या दृष्टीने हा अगदी साधा हिशेब आहे: एका बेरजेच्या जागी तीन-चार बेरजा. त्यात जादू नाही आणि कटही नाही.

वेळेनुसार वेगळा दर ही कल्पनाही आजची नाही. २००३ च्या विद्युत कायद्यातच, कलम ६२(३) मध्ये, ग्राहकाला वीज कोणत्या वेळी लागते यावरून दरात फरक करायला आयोगाला परवानगी दिली आहे. उद्योगांना हे घड्याळ कित्येक वर्षे लागू आहे. त्यांच्या जुन्या दरपत्रकात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपया सूट होती, सकाळी ९ ते १२ ला ८० पैसे जादा आणि संध्याकाळी ६ ते १० ला १ रुपया १० पैसे जादा. म्हणजे ज्या सकाळच्या तासांना काल दंड होता, त्यांनाच आज सवलत आहे. कारण सरळ आहे. काल रात्रीची कोळशाची वीज खपत नव्हती, आज दुपारची सौर वीज खपत नाही. घड्याळाचे काटे पुढेही सरकतील. ‘रात्रीची वीज स्वस्त’ हे डोक्यात ठेवून ज्यांनी रात्रपाळीचे गणित मांडले त्यांना हे चांगले माहीत आहे.

तर वेळेनुसार दर हे तत्त्व मला मान्य आहे. दुपारची वीज फुकट जात असताना संध्याकाळसाठी आणखी कोळसा जाळायचा, हा शहाणपणा नाही. आपल्या वस्त्या बहुधा महामार्गाच्या, नाल्याच्या, डंपिंग ग्राउंडच्या शेजारी असतात. हवा स्वच्छ राहण्यात आपला स्वार्थ इतरांपेक्षा जास्तच आहे.

आता हिशेब.

महावितरणच्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून ही ८० पैशांची सवलत सुरू झाली. तिच्यासाठी काय करायचे? दिवसा वापर वाढवायचा, संध्याकाळचा कमी करायचा. जाहिरातीतली बाई हसत हसत दुपारी वॉशिंग मशीन लावते. साध्या वॉशिंग मशीनला एका धुण्याला अर्धे युनिट धरा. वाचले ४० पैसे. महिन्यात पंधरा धुणी, सहा रुपये. गीझरचे रोज एक युनिट दुपारी नेता येत असेल तर महिन्याला २४ रुपये, पण दुपारी आंघोळ कोण करतो? खरा फायदा कोणाला? ज्याच्या घरात दिवसा दोन एसी चालतात, ज्याची इलेक्ट्रिक गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुपारी चार्ज होते, ज्याच्याकडे टायमर लावायला उपकरणे आहेत. त्याला मिळू दे, माझी हरकत नाही. त्याने दुपारची वीज वापरली तर सगळ्यांचेच भले आहे. पण ‘सर्वसामान्यांना मोठा दिलासा’ असे म्हणू नका. ज्याच्याकडे हलवता येईल असा वापरच नाही, त्याला वापर हलवण्याचे बक्षीस कसे मिळणार?

(जाता जाता एक अभियंत्याचा सल्ला. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिटे वाचतात. घड्याळाच्या मागे धावण्यापेक्षा पंखा बदललेला बरा, परवडत असेल तर.)

खरी गोष्ट पुढे आहे. आपल्या बिलात घड्याळापेक्षा कितीतरी मोठी एक गोष्ट आहे, तिचे नाव स्लॅब. महिन्याला पहिली १०० युनिटे स्वस्त, १०१ ते ३०० पर्यंतची जवळपास दुप्पट. २०२५-२६ च्या दरपत्रकात या दोन टप्प्यांतला फरक युनिटमागे पाच रुपयांहून जास्त आहे. ही रचना गरिबाच्या सोयीसाठीच आहे. कमी वापरणारा तो गरीब, त्याला स्वस्त वीज. पण मोजणी माणसांवर होत नाही, मीटरवर होते.

एक मजला, तीन खोल्या, तीन कुटुंबे, मीटर एक, घरमालकाच्या नावाचे. प्रत्येक कुटुंबाचा वापर महिन्याला ८० युनिटे. तिघेही कायद्याच्या नजरेत स्वस्त टप्प्यातले. पण मीटरवर बेरीज २४०. त्यातली १०० युनिटे स्वस्त दराने, उरलेली १४० महाग दराने. १४० गुणिले ५, म्हणजे किमान ७०० रुपये जादा. तीन मीटर असती तर दोन जादा मीटरांचा स्थिर आकार भरावा लागला असता, त्याचे ३०० रुपये वजा करा. तरी ४०० रुपये उरतात, दर महिन्याला, फक्त मीटर वेगळे नाही म्हणून. आणि ती बहुचर्चित सवलत? २४० पैकी एक तृतीयांश वापर दिवसा होतो असे धरले तर ८० युनिटे, ६४ रुपये. तिघांत वाटले तर माणशी २१ रुपये.

तेही वाटले तर. कारण घरमालक खोल्यांना जी सब-मीटरे लावतो ती बाजारातली साधी मीटरे आहेत. त्यांना वेळ कळत नाही. महिन्याअखेरीस तो आकडा वाचतो, आपण ठरवलेल्या दराने गुणतो आणि पैसे मागतो. कंपनीने दिलेली दुपारची सवलत त्याच्या बिलात येते आणि तिथेच थांबते. पावती नसते. विचारले तर उत्तर ठरलेले: परवडत नसेल तर खोली सोडा.

यातली सर्वांत कडू गोष्ट अजून सांगितलेली नाही. दिवसा, नेमकी ९ ते ५ या वेळेत, वीज कोण वापरते? ज्यांची घरे मोठी आहेत ते कामावर असतात. आपल्या वस्त्यांत त्या वेळी घरात बायका असतात. कोणी कपड्यांचे फिनिशिंग करते, कोणी जरीकाम, कोणी शिलाई मशीनवर गाऊन शिवते. दोन इमारतींच्या मधल्या खोलीत भर दुपारीही ट्यूब लावल्याशिवाय सुईत दोरा जात नाही. पंखा चालू, ट्यूब चालू, मशीनची मोटार चालू. म्हणजे सरकारला जो वापर हवा आहे, तो या बायका कोणीही न सांगता वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. दुपारच्या सौर विजेच्या खऱ्या ग्राहक त्या आहेत. मशीनच्या मोटारीपुरते बोलायचे तर १०० वॅटची मोटार आठ तास चालली की पाऊण युनिटाच्या वर वीज, म्हणजे दिवसाला ६४ पैसे सवलत. त्यात ट्यूब-पंखा मिळवा. नगावर मजुरी मिळणाऱ्या बाईला महिन्याचे तीस-पस्तीस रुपये क्षुल्लक नसतात. ते तिच्या नावाने जमा होतात आणि घरमालकाच्या बिलात विरघळतात.

या बायकांसाठी मोर्चा निघालेला मी पाहिलेला नाही. मोर्चा निघतो तो मीटर हटवण्यासाठी.

मग मीटर अडवणाऱ्यांचे काय? त्यांच्या सगळ्याच शंका फालतू नाहीत. जून २०२४ मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही असे जाहीर केले. त्यानंतर तीच मोहीम पोस्टपेड ‘टीओडी मीटर’ या नावाने सुरू झाली. लोकांना फसवल्यासारखे वाटले तर दोष लोकांचा नाही. नाव बदलून माल खपवण्याची सवय सरकारने सोडली पाहिजे. पण ‘आपल्याच मोहल्ल्यांत लावतात’ हे साफ खोटे आहे. ही योजना राज्यभराची आहे, कंत्राटे सुमारे सव्वादोन कोटी मीटरांची आहेत. सव्वादोन कोटी घरे आपली असती तर या लेखाची गरजच पडली नसती! मीटर पळते असे वाटत असेल तर लेखी तक्रार करा आणि तपासणी मागा. तपासणीचा अहवाल हातात येतो. फॉरवर्ड केलेल्या व्हिडिओतून काय हातात येते?

मला तर हे मीटर आपल्या वस्त्यांत हवे आहे, आणि त्याचे कारण ८० पैसे नाही. ‘तिथे सगळे आकडे टाकतात’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो. वितरणातली तूट जास्त म्हणून भिवंडीत २००७ साली, मुंब्रा-कळवा-शीळ आणि मालेगावात २०२० साली वीजवितरण फ्रँचायझीकडे गेले. दर महावितरणचेच, पण वसुली आणि सेवा खासगी हातात. या भागांत चोरी होत नाही असे मी म्हणणार नाही, होते, आणि ती करणाऱ्याची बाजू घेणे म्हणजे शेजारच्या प्रामाणिक माणसाच्या तोंडाला काळे फासणे आहे. पण नव्या योजनेत घराच्या मीटरबरोबर ट्रान्सफॉर्मरवरही मीटर येते. ट्रान्सफॉर्मरमधून किती गेली आणि घरांनी किती घेतली, यातला फरक गल्लीनिहाय दिसतो. मग अख्ख्या मोहल्ल्याला चोर म्हणता येत नाही. ज्या गल्लीचा हिशेब जुळतो, त्या गल्लीने तो कागद घेऊन जावे आणि वारंवार वीज का जाते, केबल का बदलत नाही, असे तोंड वर करून विचारावे.

एका गोष्टीची भीती मात्र मला खरोखर वाटते, आणि तिच्याबद्दल आपले नेते चकार शब्द काढत नाहीत. कारण ती मीटरच्या वेगाची नाही, नोंदीची आहे.

दर अर्ध्या तासाची नोंद म्हणजे घराची दिनचर्या. घर कधी रिकामे असते, रात्री किती वाजता झोपते, पाहुणे कधी येतात. रमजानच्या महिन्यातली पहाटे चार-पाचची नोंद आधीच्या महिन्याशी ताडून पाहिली, तर शहरातली सेहरीला उठणारी घरे वेगळी काढायला दहा-पंधरा ओळींचा कोड पुरेल. हे मी घाबरवायला सांगत नाही, हे माझ्या रोजच्या कामातले गणित आहे. कोणी असे करते आहे असा माझा आरोपही नाही. पण जे करता येते ते करू नये म्हणून नियम लागतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या नेपरव्हिल शहराविरुद्ध नागरिक न्यायालयात गेले होते. २०१८ साली तिथल्या अपील न्यायालयाने म्हटले की १५-१५ मिनिटांची मीटर-नोंद गोळा करणे ही घटनेच्या अर्थाने घराची झडतीच आहे. त्या योजनेत ती झडती वाजवी ठरली, कारण हेतू वीजव्यवस्थापनाचा होता आणि नोंद पोलिसांसाठी नव्हती. हेतू बदलला तर उत्तर बदलेल, हे न्यायालयाने सूचित केले. आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले, २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. मग प्रश्न विचारायला हवेत: अर्ध्या तासाच्या नोंदी किती महिने ठेवणार? बिल झाल्यावर फक्त खणांच्या बेरजा ठेवून बाकी पुसून का टाकत नाही? फ्रँचायझीला त्यातले काय दिसते, मीटर बसवणाऱ्या कंत्राटदाराला काय? पोलिसांनी मागितले तर कोणाच्या आदेशाने देणार? ज्याचा वापर आहे त्याला स्वतःच्या नोंदी पूर्ण पाहता येणार की नाही? ‘मीटर हटाव’च्या घोषणेत या प्रश्नांना जागा नसते.

दुसरा धोका संध्याकाळचा. सवलत ही घड्याळाची एक बाजू झाली. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. त्यात दोन्ही बाजू आहेत: दिवसातले आठ सौर तास, त्यांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी; आणि गर्दीच्या तासांत घरगुती ग्राहकालाही किमान १० टक्के जास्त. २०२५ च्या दरपत्रकात आपल्या आयोगाने घरगुती ग्राहकाला दिवसाची सूट दिली, संध्याकाळचा बोजा टाकला नाही. हे चांगले केले. पण नियम कागदावर आहे, आणि मीटर एकदा भिंतीवर आले की दुसरी बाजू लावायला फक्त एक आदेश लागतो. त्या दिवशी काय होईल? ज्याचा संध्याकाळचा वापर म्हणजे एसी, तो एसी तासभर उशिरा लावेल. ज्याचा संध्याकाळचा वापर म्हणजे एक पंखा आणि अभ्यासाला बसलेल्या मुलांवरची ट्यूब, तो काय पुढे ढकलणार? इफ्तार मगरिबलाच होते, कंपनीच्या सोयीने साडेचारला होत नाही. अर्थशास्त्र शिकलेले मित्र मला सांगतात की सगळ्यांना दराची झळ लागल्याशिवाय सवयी बदलत नाहीत. सवय बदलता येण्यासारखी असेल तर झळ उपयोगाची. नाहीतर तो नुसता दंड आहे, घर लहान असल्याचा.

म्हणून माझी मागणी ही आहे की संध्याकाळचा जादा दर कधीही आला तरी पहिल्या १०० युनिटांना तो लागू नये, आणि हे आतापासून लिहून घ्यावे. टप्प्यांच्या बाबतीत केंद्राच्या त्या २० टक्क्यांचा हिशेबही विचारायला हवा. खालच्या टप्प्यात ८० पैसे हे वीज आकाराच्या २० टक्क्यांच्या जवळ जातात. १०१ ते ३०० च्या टप्प्यात, जिथे आपली एका मीटरवरची तीन कुटुंबे ढकलली जातात, तिथे ते १० टक्केही होत नाहीत.

पण सर्वांत आधी स्वतंत्र मीटर. विद्युत कायद्याचे कलम ४३ वाचा. अर्ज केल्यावर एक महिन्यात वीज देण्याचे बंधन कंपनीवर आहे, आणि अर्ज कोण करू शकतो? कायद्याचे शब्द आहेत मालक किंवा भोगवटादार. भोगवटादार म्हणजे जो प्रत्यक्ष राहतो तो. भाडेकरूही त्यात येतो. प्रत्यक्षात खिडकीवर घरमालकाचे ना हरकत पत्र मागतात, घरमालक देत नाही, कारण नोंदणीकृत भाडेकरारच केलेला नसतो, आणि तो केलेला नसतो कारण इमारतीचेच कागद अर्धवट आहेत. ही साखळी मला ठाऊक आहे. कित्येक इमारतींत घरमालकही आपलाच असतो, शुक्रवारी पहिल्या सफेत आपल्या शेजारी उभा राहणारा. त्याच्याविरुद्ध बोलायला आपल्याला संकोच वाटतो आणि वीज कंपनीविरुद्ध ओरडायला वाटत नाही. भाडेकरूच्या वापराची खरी युनिटे त्याला दाखवणे, बिलाची प्रत देणे, दुपारची सवलत त्याच्यापर्यंत पोहोचवणे, यासाठी कोणत्या आयोगाची गरज नाही. माप पुरे भरा ही आज्ञा आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतोच की. ते माप फक्त धान्याचे, कापडाचे असते आणि युनिटांचे नसते असे कोणी सांगितले?

मशिदीच्या विश्वस्तांनाही एक छोटी विनंती. फक्त प्रार्थनेसाठी वापरली जाणारी जागा घरगुती दरपत्रकात येते. टाकी भरायची मोटार मगरिबच्या आधी घाईघाईने न लावता दुपारी लावा. दीड किलोवॅटची मोटार दोन तास चालली तर रोजचे दोन रुपये चाळीस पैसे. फार नाहीत, पण सुरुवात तिथून करता येते आणि नमाजींना उदाहरण मिळते.

आता आयोगाबद्दल. वीज कंपनीला दर बदलायचा असेल तर राज्य वीज नियामक आयोगाकडे याचिका करावी लागते. तिची जाहीर सूचना वर्तमानपत्रांत येते, आणि लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेऊनच आयोगाने आदेश द्यायचा असतो, हे कलम ६४ मध्ये लिहिलेले आहे. हरकत कोणीही नोंदवू शकतो. वकील लागत नाही, इंग्रजी लागत नाही. पुणे, नागपूर अशा शहरांत सुनावण्या होतात. उद्योगांच्या संघटना तिथे आकड्यांच्या फायली घेऊन येतात, त्यांचे वीज सल्लागार बोलतात, शेतकऱ्यांचे प्रतिनिधी येतात. आणि त्यांच्या म्हणण्याचा परिणाम आदेशात दिसतो. एका मीटरवर राहणाऱ्या तीन कुटुंबांच्या वतीने तिथे कोण बोलणार? आपल्या तालुक्यात इंजिनिअरिंगची पदवी घेतलेली मुले-मुली आता कमी नाहीत. बी.कॉम. झालेल्या तर त्याहून जास्त. आदेश शेकडो पानांचा असतो हे खरे, पण घरगुती दराची पाने मोजकीच असतात.

पुढच्या सूचनेची वाट पाहत बसू नका. आपल्या गल्लीत किती खोल्या आहेत, किती कुटुंबे आहेत आणि कंपनीची मीटरे किती आहेत, हे मोजायला एक रविवार पुरतो. कोणत्या खोल्यांत दिवसा घरी बसून काम चालते तेही लिहा. नावे लिहू नका, खोल्यांचे आकडे पुरेत. एका-दोन घरमालकांकडून मुख्य मीटरच्या बिलांची प्रत मिळते का पाहा आणि शेजारी सब-मीटरने भाडेकरूंकडून घेतलेल्या रकमा मांडा. आयोगासमोर असा दोन पानांचा तक्ता ठेवता येतो. आणि ग्रुपवर पुन्हा ‘मीटर हटाव’चा मेसेज आला, की त्याच्या खाली हाच तक्ता टाका.